दोरा बांधलेला बोळा

सगळी वस्ती तिला टेपवाली म्हणते. चिकटपट्टीचं वेटोळं बांगडीसारखं मनगटात अडकवून ती दारोदार फिरते आणि विचारते, "मेलेला मोबाइल आहे का घरात?" घरचं माणूस ठामपणे नाही म्हणतं. "बरं, मग टीव्हीखालचा खण तेवढा उघडा." खण उघडला की दोन जुने फोन निघतात, वायरींचा गुंता निघतो आणि ज्यांचं मूळ-कूळ कुणालाच सांगता येत नाही असे चार चार्जर निघतात.

"राहू दे हो, उद्या लागला तर?"

"सहा वर्षांत लागला नाही, तो नेमका उद्या लागेल होय?"

मग ती सुट्या बॅटरीच्या टोकांना पट्टी चिकटवते, म्हणजे वाटेत ठिणगी पडायला नको, आणि सामान ढकलगाडीत ठेवते. शनिवारी सगळं पुनर्वापर केंद्रात पोचतं. तिथे ते जाळत नाहीत, नीट सुटं करतात. पुढच्या फेरीत ती केंद्राची पावती घरोघरी दाखवते. कुणी मागत नाही, तरी दाखवते. अशी चिकाटी भल्याभल्यांना जमत नाही.

ही चिकाटी तिच्यात फार मोठी किंमत मोजून आलेली आहे. पूर्वी ती धाकट्या भावाच्या भंगाराच्या शेडमध्ये काम करायची. पिंपात वायरी पेटवायच्या, वरचं प्लास्टिक जळून गेलं की तांबं उरतं. बारा वर्षं तिने तो काळा धूर खाल्ला. एकदा घरी ती शेगडीकडे पाठ करून भाजी निवडत बसली होती. दूध आटलं, करपलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं. शेजारीण नाक दाबत धावत आली, तेव्हा हिला पत्ता लागला. डॉक्टर म्हणाले, वास येणं गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून तिने पिंपाला हात लावला नाही.

भाऊ मात्र जाळतच राहिला. शेडला लागूनच त्याचं घर, आणि घरात दोन महिन्यांचा नातू. तिचा जीव त्या बाळात अडकला होता. ती सांगून सांगून थकली.

"ताई, तुझं नाक नाजूक होतं. माझं बघ, ठणठणीत आहे."

ठणठणीत म्हणे. एका दुपारी ती तडक त्याच्या घरी गेली आणि वहिनीला आत नेऊन फडक्याचे दोन बोळे करायला लावले. एक पाण्यात भिजवलेला, एक रॉकेलमध्ये. रॉकेलच्या बोळ्याला वहिनीने पांढरा दोरा बांधला, कारण परीक्षा घेणारीलाही तो ओळखू येणार नव्हता.

भावाने हसत हसत डोळे मिटले. तिने साधा बोळा त्याच्या नाकाशी धरला.

"पाणी."

मग दोऱ्याचा.

"हेही पाणीच. फसवतेस होय मला?"

त्याने डोळे उघडले. समोर दारात त्याची बायको नाक घट्ट दाबून उभी होती. त्याने बोळ्यावरचा दोरा पाहिला, बायकोकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच राहिलं.

"कधी गेलं असेल गं?" त्याने विचारलं.

"ते कळत नाही रे. मला तरी कुठे कळलं होतं?"

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद तिला झाला नाही. लहानपणी दोन घरं पलीकडे काय शिजतंय ते हाच सांगायचा.

दुसऱ्या दिवशी तो न जाळलेल्या वायरींची तीन पोती घेऊन तिच्या दाराशी आला. "तुझ्या केंद्रात चालतात ना?" एवढंच म्हणाला आणि स्वतःच ती गाडीत चढवू लागला. रिकामं पिंपही त्याने सोबत आणलं होतं.

महिन्याभराने ती त्याच्याकडे गेली, तेव्हा वहिनी दोरीवरची दुपटी काढत होती. एक दुपटं तिने नाकाशी नेलं आणि थबकली.

"काय गं, अजून धुराचा वास येतो का?" भावाने घाबरून विचारलं.

"नाही. साबणाचा येतोय."

त्याने ते दुपटं घेऊन हुंगलं आणि ताईकडे दिलं. तिनेही हुंगलं. दोघांनाही काहीच कळलं नाही.

"तू म्हणतेस तर असेल," भाऊ बायकोला म्हणाला, आणि त्याने ते झोपलेल्या नातवाच्या अंगावर घातलं.