वाणातल्या परदेशी काकड्या

पद्मनाभराव संध्याकाळी गल्लीत शिरले की माणूस दिसायच्या आधी वास यायचा. व्हिनेगरचा. के. आर. पुरमच्या त्या गल्लीत पोरांना अभ्यासाला बसवायला घड्याळ लागत नसे, तो वास पुरे होई. वीणाक्का दार उघडायची तीच मुळी टॉवेल पुढे करून. "आधी न्हाणीघर, मग देवघर, मग चहा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या क्रमात नवऱ्याला कधी सूट मिळाली नव्हती.

दोष त्यांचा नव्हता, काकडीचा होता. होसकोट्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते बाटल्या भरण्याच्या शेडचे मॅनेजर. करंगळीएवढ्या कोवळ्या काकड्या पिंपात मिठाच्या पाण्यात मुरवून मग बाटलीत दाटीवाटीने उभ्या करायच्या, वरून व्हिनेगर ओतायचं, झाकण दाबायचं आणि जहाजाने परदेशी धाडायचं. तिकडे त्याला गर्किन म्हणतात आणि पावात घालून मिटक्या मारत खातात. इकडे कुणी ढुंकून बघत नाही. पद्मनाभरावांनी नोकरीला लागल्यावर एकदा चाखली होती. त्यानंतर त्यांनी तिचं कौतुक केलं ते लांबूनच.

शेडमधल्या सगळ्या बायका त्यांनीच आसपासच्या गावांतून जमवलेल्या. मूळची बिदरकडची महानंदा त्यांची मुकादम. तिचा आवाज असा, की मशीन बंद पडलं तरी काम चालू राहावं.

हे सगळं चाललं होतं ते एका कराराच्या जोरावर. ज्या देशात ही काकडी जायची, त्याच्याशी आपला व्यापाराचा जुना करार होता, म्हणून आपल्या काकडीवर तिथे आयात कर लागत नसे. मग तिथे नवं सरकार आलं आणि त्याने करारातून अंग काढून घेतलं. कर बसला, काकडी महागली, आणि तिथल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या कुठल्या देशाची काकडी धरली. इथे भरून ठेवलेल्या बाटल्या गोदामात छताला टेकल्या.

मालकांनी बोलावून घेतलं. "पद्मनाभण्णा, उगादीच्या पाडव्यापर्यंत बघू. शेडला दुसरं काही काम मिळालं तर ठीक. नाहीतर बायकांना सांगून टाका."

सांगून टाका! मालकांना काय, खुर्चीत बसून बोलायचं होतं. हे शेडमध्ये परतले तर महानंदा दारातच उभी.

"काय म्हणाले हो मालक, सार?"

"सरी, ठीक आहे सगळं," म्हणत पद्मनाभरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली. खोटं बोलताना ते हटकून काहीतरी नीट करायला लागतात.

"टोपी सरळच होती की," महानंदा म्हणाली आणि आत गेली.

मग त्यांनी डोकं लढवलं. परदेशी व्यापाऱ्याच्या नावाची लेबलं बादलीत भिजवून काढली आणि रविवारी एचएसआर लेआउटच्या एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडलं. कॉम्प्युटरवाली मुलं बर्गर खातात, ती काकडीही खातील, असा हिशोब. पुण्याहून आलेला एक तरुण थांबला. बाटली उजेडात धरून बघितली.

"काका, इम्पोर्टेड आहे का?"

"एक्स्पोर्टची आहे."

"म्हणजे इंडियन?"

"इंडियनच, पण बाहेरच्या देशात लोक रोज हीच..."

"अच्छा. नाही, आम्ही इम्पोर्टेडच घेतो. लोकलला ती टेस्ट नसते ना."

हीच बाटली समुद्र ओलांडून, लेबल मिरवत परत आली असती तर त्याने तिप्पट पैसे मोजून फ्रीजमध्ये ठेवली असती. पद्मनाभरावांनी टेबल मिटलं, खोकी रिक्षात घातली आणि थेट घरी आणली.

वीणाक्का दारातच कडाडली. "घरात वास नको म्हणून जन्मभर तुम्हाला आंघोळी घातल्या, आणि आता खोकीच आणलीत? उद्या कारखाना उचलून आणा, म्हणजे मी माहेरी जायला मोकळी!"

पण जेवताना तिने पाहिलं, यांनी भाताचं आळं केलं आणि सार ओतायचं विसरून तसंच बघत बसले. मग ती सावकाश म्हणाली, "अहो, काय झालंय?"

"त्या बायकांना मी आणलंय गं तिथे. घरोघरी जाऊन, शब्द देऊन. आता मीच कसं सांगू, की या उद्यापासून नका येऊ म्हणून?"

वीणाक्काने ताटं उचलली. परत येऊन म्हणाली, "संक्रांत आलीय. यंदा हळदीकुंकवाला मी हेच वाण लुटणार."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. वाण नको म्हणता येत नाही आणि टाकताही येत नाही. एकदा घरात गेलं की कधी ना कधी झाकण उघडणारच."

हळदीकुंकवाला गल्ली लोटली. बायका स्टीलच्या वाट्यांच्या आशेने आलेल्या. एळ्ळुबेल्ल, म्हणजे तिकडचा तीळगूळ, तोंडात पडलं, अत्तर लागलं, आणि हातात आली ती हिरवीगार बाटली. समोरच्या घरच्या कस्तुराबाईंनी ती कानाशी हलवून पाहिली.

"काय गं वीणा, शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलंस का? बेडूकबिडूक नाही ना आत?"

"काकडी आहे हो अक्का. तब्येतीला चांगली."

"कुणाच्या?"

हशा पिकला, पण बाटली परत कुणी दिली नाही. देणार कशी? पुढचे पंधरा-वीस दिवस गल्लीत काकडीचीच चर्चा. एकीने दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली, ती सासऱ्यांनी औषध समजून गिळली. एकीने हुळीत, म्हणजे सांबारात, टाकली. तिसरीने विहीणबाईंना भेट पाठवली आणि दोन्ही घरांचं बोलणं जरा थंडावलं. काकडी कुणालाही आवडली नाही, हे एव्हाना पद्मनाभरावांच्या कानावर चारी बाजूंनी आलं होतं. रथसप्तमीला ते अंगणात मान खाली घालून बसले असताना कस्तुराबाई रिकामी बाटली घेऊन हजर.

"तुमची काकडी म्हणजे शिक्षा आहे हो अण्णा. पण बाटली झकास! एक थेंब गळत नाही, मुंगी शिरत नाही. गेल्या साली माझ्या मिडीच्या बरणीवर बुरशी आली, सगळं लोणचं टाकलं. या एवढ्याशा घरात बरणी ठेवायला कोरडा कोपरा कुठे उरलाय? तुमच्याकडे पिंपं आहेत, खारवणं तुम्हाला येतं. कोवळ्या कैऱ्याच का नाही भरत?"

पद्मनाभरावांनी मान वर केली. कोवळ्या अख्ख्या कैऱ्या, म्हणजे मिडी, येऊ घातल्याच होत्या. त्यांनाही काकडीसारखंच आधी मिठाच्या पाण्यात मुरावं लागतं. सगळ्या गल्लीने नाकं मुरडून जे सांगितलं नव्हतं, ते या बाईने एका दमात सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते मालकांसमोर उभे राहिले. मालकांनी हो-नाही करत मिडीसाठी बाटल्या भरायची एकच ओळ चालू ठेवायला परवानगी दिली. एकच. म्हणजे निम्म्या बायका जाणारच होत्या. पद्मनाभरावांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि हात मागे बांधून, काहीही नीट न करता, खरं ते सांगितलं. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. काहींना जवळच्या शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळालं, काहींना नाही. महानंदा राहिली.

चैत्रात मिडीच्या बाटल्या बाजारातल्या एका दुकानात लागल्या. पद्मनाभराव फळीशी घुटमळत उभे असताना एक अनोळखी बाई तरातरा आल्या. "हे तुम्ही करता? मीठ किती घालता हो! जिभेची सालपटं निघाली माझ्या!"

इतक्या वर्षांत त्यांनी आपला माल विकत घेऊन खाणारं तोंड कधी पाहिलं नव्हतं, त्या तोंडचं बरंवाईट ऐकणं तर दूरच. ते हात जोडून म्हणाले, "स्वल्प जास्तच झालंय, ताई. पुढच्या घाण्याला कमी करतो. आणखी काय काय चुकलंय?"

त्या बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सविस्तर सांगायला सुरुवात केली.