नऊशे ग्रॅमचं गाठोडं

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक डिजिटल वजनकाटा पडून आहे. दादरच्या मार्केटातून तो मीच हौसेने आणला. सध्या त्यावर बायको लसणाची टोपली ठेवते. काट्यात बिघाड काही नाही. एका ग्रॅमचा फरक तो दाखवतो.

पण आधी त्याच्या आदल्या वर्षीचं सांगायला हवं, कारण पाप तिथलं आहे.

त्या वर्षी लेकीने मला तिच्या ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर एका किल्ल्यावर नेलं. पाठीवर सॅक, एक मुक्काम वर, दुसऱ्या दिवशी खाली. मी लालबागचा माणूस, चिवड्याची अख्खी गल्ली घरापासून हाकेच्या अंतरावर. निघायच्या आदल्या दिवशी तिथे गेलो आणि भान सुटलं. पातळ पोह्यांचा चिवडा घेतला, मक्याचा घेतला, चकल्या घेतल्या, आणि वर थंडी असेल म्हणून अर्धा किलो फरसाण घेतलं. थंडीचा आणि फरसाणाचा काय संबंध, ते मला आजही सांगता येणार नाही. घरातून कांदे-बटाटे उचलले, लोणच्याची काचेची बरणी उचलली. आईने दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती, ती वरच्या कप्प्यात टाकली.

अर्ध्या चढावर माझी जीभ बाहेर आली. पोरांनी सॅक उघडून सामान वाटून घ्यायचं ठरवलं, तेव्हा बरणी फुटून लोणचं स्लीपिंग बॅगेत शिरलेलं सापडलं. एक मुलगी म्हणाली, "काका, वर दुकान टाकताय का?" सगळे हसायला लागले. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की बाबांनो, मी हावरट आहे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "काय करणार, आमची आई ऐकत नाही. जुनी माणसं, कोंबतच राहतात."

लगेच पटलं सगळ्यांना. प्रत्येकाच्या घरी कोंबणारं कोणीतरी असतंच. लोणच्याचा वास येणाऱ्या बॅगेत मी शांत झोपलो. परत आलो तेव्हा चिवडा जसाच्या तसा होता. संपल्या होत्या फक्त त्या दोन भाकऱ्या.

तो किस्सा लेकीने घरी जेवताना सांगितला. तिचा काही दोष नाही, तिला तो खराच वाटला होता. "आजी, तुझ्या सामानाने बाबा फेमस झाला ग्रुपमध्ये." आई ओट्याशी रात्रीसाठी बोंबील साफ करत होती. तिने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोंबलाचं डोकं उडवलं. मी आमटी वाढून घेतली.

हे एवढं का लागावं, ते आईला ओळखणाऱ्यालाच कळेल. आमची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आम्ही सतराव्या मजल्यावर आलो. पण चाळीत असताना कोणी गावी निघालं की बांधाबांध आईकडे. वडील मिलमध्ये, आम्ही भावंडं चार, खोली एक, आणि एसटीत सामान ठेवायला जागा म्हणजे आपल्या मांड्या. अशात जिने संसार केला ती जास्तीचं कोंबणारी असूच शकत नव्हती. तिची बांधणी पाहण्यासारखी असायची. जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, त्यात सुकं खाली, ओलं वर, कोरडी मिरची कुठे, मीठ कुठे, सगळं ठरलेलं. गाठ अशी की चालत्या गाडीत एका हाताने सुटावी. लाडू असले की हिशेब एकच. मालवणीत सांगायची, "माणशी दोन आणि वाटेचो एक." तो वाटेचा एक आपल्यासाठी नसायचा. वाटेत जो कोणी भेटेल, पाणी देईल, रस्ता सांगेल, त्याचा तो. आणि प्रवासासाठी उंबऱ्याबाहेर गेलेलं खाणं परत घरात घ्यायचं नाही. उरलं तर बाहेरच संपवायचं, नाहीतर कोणाला तरी द्यायचं. म्हणून उरू नये इतकंच बांधायचं.

टॉवरमध्ये आल्यावर हे सगळं बंद पडलं. लोक गाडीने गावी जातात, वाटेत हॉटेलात थांबतात. आईकडे फडकं घेऊन कोणी येईना. उरलं होतं ते आमचं घर, आणि तिथे मी तिचं नाव असं घालवून बसलो होतो.

पुढच्या वर्षी लेकीला बंगळुरूला नोकरी लागली. जायला दोन महिने होते. ती म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एक ट्रेक फक्त आपण दोघं. पण या वेळी दुकान नको." मी ते फारच मनावर घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. कॉम्प्युटरवर तक्ता केला: वेळ, पदार्थ, माणशी ग्रॅम. शनिवार दुपार पायथ्याच्या गावात जेवण, म्हणजे शून्य ग्रॅम. शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार दुपार. काटा आणला. बदाम मोजले. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्ही स्वतः चार किलो उतरवले असतेत तर ब्रश तरी वाचला असता."

आईने एकदा विचारलं, माझ्याकडून काय करून हवं. मी म्हटलं, काही नको, या वेळी सगळं मोजून आहे. त्यानंतर दोन-तीनदा संध्याकाळी ती आणि लेक आतल्या खोलीत माझा तक्ता उघडून बसलेल्या मी पाहिल्या. नात वाचून दाखवत होती, आजी बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक चाललंय.

शनिवारी सकाळी निघायच्या वेळी आई ओट्याशी आली आणि फडक्याचं गाठोडं माझ्यासमोर ठेवलं. लेक तेव्हा बूट घालून खाली टॅक्सी बघायला गेली होती. गाठोडं मी हातात घेतलं आणि जे केलं ते आठवलं की आजही कान तापतात. ते मी काट्यावर ठेवलं. आईच्या देखत.

"नऊशे ग्रॅम," मी म्हटलं. "आई, नऊशे ग्रॅम म्हणजे किती होतात माहितीय?"

"उघडून तरी बघ, झिला."

झिला म्हणजे मुला. बऱ्याच वर्षांनी ती मला तसं म्हणाली होती. मी घड्याळ पाहिलं. उघडलं नाही. पण दारात तोंड वाकडं नको म्हणून गाठोडं सॅकच्या वर ठेवलं आणि पाया पडून निघालो. लिफ्टमध्येच ठरवलं होतं. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ते ठेवलं आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं, राहू द्या काका, रविवारी नेतो. म्हणजे आईला कळायचं नाही, लेकीला कळायचं नाही, आणि सोमवारी ऑफिसात डबाही होईल. मला माझी हुशारी फार आवडली. टॅक्सीत बसताना सॅक उचलली तर ती खरोखर हलकी वाटली.

वर पोहोचेपर्यंत सगळं झकास झालं. कड्याच्या टोकाला तंबू लावला, ऊन उतरायला लागलं, आणि मी माझी पाकिटं मांडली. तयार पनीर, तयार राजमा, नूडल्स, चीज. वारा सुटला होता. छोटी शेगडी पेटवली की विझायची. दगड रचले, सॅक आडवी लावली, शेवटी मी स्वतः आडवा झालो. नूडल्स कोमट पाण्यात पोहत राहिल्या. कातळात खोदलेल्या टाक्यात पाणी तळाला होतं, त्यातलं बरंच माझ्या प्रयोगांत गेलं. लेक बराच वेळ धीराने बघत होती. मग म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. आजीचं गाठोडं काढ."

मी चीजचं पाकीट उघडायला घेतलं.

"बाबा, आजीचं गाठोडं कुठाय?"

सांगावं लागलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. बोटांवरची नूडल झटकून ती एवढंच म्हणाली, "तू उघडलं नव्हतंस का?"

"अगं, नऊशे ग्रॅम होतं. आधीच आपलं सव्वादोन किलो होतं."

"ते आपल्या सामानावर नव्हतं रे. आपल्या सामानाच्या ऐवजी होतं. आजीने तुझा अख्खा तक्ता नऊशे ग्रॅममध्ये बसवला होता. तीन वेळचं. चूल न लागता. ती म्हणाली होती, त्याला सांगू नकोस, उघडल्यावर कळू दे."

माझ्या तक्त्यात त्या दोन दिवसांचं सगळं होतं. यासाठी रकाना नव्हता.

मग तिने हळूहळू सांगितलं. गेल्या वर्षीचा तो लोणच्याचा किस्सा आजी विसरली नव्हती. "मी कोंबणारी नाय," असं तिने लेकीला एकदाच सांगितलं होतं आणि वर विचारलं होतं, तुम्ही लोक ग्रॅम कसे मोजता. माझा काटा मी ऑफिसात असताना रोज दुपारी ओट्यावर चालू होता. पोहे भाजून ते किती हलके होतात, सातूचं पीठ माणशी किती पुरतं, हे ती शाळेतल्या मुलीसारखी मांडत होती. मी आदल्या वर्षी खोटं बोललो होतो, ते मी लेकीला तेव्हा सांगितलं. कड्यावर बसून, चीज खात. तिने ऐकून घेतलं. "हे तू आजीला सांग," म्हणाली आणि तंबूत गेली.

दुसऱ्या दिवशी उतरताना वाट चुकली. एका बकऱ्यावाल्या म्हाताऱ्याने दोन ओढे पार करून आम्हाला पायवाटेला लावलं. सावलीत बसलो. सॅकेत देण्यासारखं पनीरचं थंड पाकीट होतं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, हसला, आणि लेकीच्या हातात परत दिलं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

रविवारी संध्याकाळी गेटवरच वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, तुमचं ते काल दुपारीच वर पोचवलं हां. ड्युटी बदलली, आणि खाण्याची वस्तू, मुंग्या लागल्या असत्या. आजींना वाटलं तुम्ही विसरलात. पण आत नाही घेतलं त्यांनी."

सतराव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. आमच्या बाहेरच्या जाळीच्या दाराला, कडीला, गाठोडं टांगलेलं होतं. शनिवार दुपारपासून. शेजारच्यांनी पाहिलं असणार, कचरा नेणाऱ्या बाईने पाहिलं असणार. लेक माझ्याकडे न बघता आत गेली. मी बाहेरच थांबलो. जिन्याच्या पायरीवर बसून गाठ सोडली. एका हाताने सुटली.

आत कागदाच्या छोट्या पुड्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीवर आईच्या चौथीपर्यंतच्या अक्षरात चिठ्ठी: शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार दुपार. खाली ग्रॅम. भाजलेले पोहे, वर सुकं खोबरं आणि मीठ-मिरची, नुसतं पाणी शिंपडून खाण्याजोगे. सातूचं पीठ, गूळ मिसळलेलं. सुकटीची चटणी. आमसुलं. शेंगदाण्याचे लाडू पाच.

मी तिथेच खाल्लं. पोहे कोरडेच खाल्ले. एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला. वरच्या मजल्यावरची एक बाई जिन्याने उतरत होती, तिने विचारलं, काय हो, चावी विसरलात? मी तिला लाडू दिला. वाटेचा असा दारातच गेला.

आत गेलो तर आई टीव्हीसमोर बसली होती. मी सांगितलं, चूक झाली. गेल्या वर्षीचंही सांगितलं, चिवड्याचं, कोंबण्याचं, सगळं. ती म्हणाली, "ठाऊक हा माका." आणि विचारलं, पाय दुखतात का, तेल गरम करू का. बस. त्याहून जास्त ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभराने लेक बंगळुरूला निघाली. बॅगा भरल्या, बायकोची धावपळ चालू. मी सकाळपासून आईकडे बघत होतो, ती आता उठेल, मग उठेल. ती उठली नाही. दुपारी मी न राहवून विचारलं, "आई, हिच्याबरोबर काही बांधणार ना?"

"कित्याक?" ती म्हणाली. "तिकडे सगळा मिळता आता." आवाजात राग नव्हता. मी माझं आयुष्यभराचं एक काम संपवलं, असं सांगणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

मग मीच ओट्याशी उभा राहिलो. कूट जाडाभरडा झाला, गूळ कमी पडला, लाडू वळेनात. कसेबसे तीन झाले. एकटी जाणार म्हणून दोन, आणि वाटेचा एक. कपाटातून ते फडकं काढलं, धुऊन इस्त्री केलेलं. तशी गाठ मला येत नाही. बुटाच्या नाडीसारखी बांधली आणि आईपुढे धरली.

तिने गाठोडं तळहातावर घेतलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

"वजन केलंस?"

"नाही."

ती माझ्या त्या गाठीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सोडेल आणि पुन्हा बांधेल. तिने ते नातीच्या हातात दिलं, जसंच्या तसं, आणि म्हणाली, "सांभाळून ने. वाटेत गाठ सुटात."