बुलौआ मी दिला होता

"वहिनी, तुम्ही जरा मागे सरा. फोटोत नको."

मॅनेजरसाहेबांनी हे मराठीत सांगितलं, हळू आवाजात. आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे, बुंदेली बोलणारे. त्यांना कळू नये एवढी काळजी होती. त्यांच्या बायकोने माझ्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा काढून घेतला. करंडा माझ्या घरचा. सकाळी चिंच लावून मीच घासला होता.

मी विधवा. चार वर्षं झाली. विधवेच्या हातचं कुंकू चालत नाही, आणि तिच्या सावलीतलंही नाही. मी मागे सरले. शाळेच्या भिंतीपाशी पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचली होती, त्यांच्याआड उभी राहिले. परदेशातून आलेल्या पाहुण्या बाईंना पहिलं कुंकू लागलं. त्यांना नवरा आहे की नाही, कोणी विचारलं नाही.

मी झाशीची. लक्ष्मी गेटजवळ घर. आमचे पूर्वज इथे तलवार घेऊन आले म्हणे. मी बिजौलीतल्या दगड कापायच्या कारखान्यात कामाला गेले. नवरा गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी नोकरी दिली. ते पुण्याकडचे. "आपलं माणूस" म्हणाले. काम सोपं होतं, गावोगाव जाऊन लोकांशी गोड बोलायचं. बुंदेली मला येते. बायका मला घरात घेतात, चहा पाजतात.

मऊरानीपूरच्या वाटेवर एक गाव आहे. गावाला लाल ग्रॅनाइटचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी तलाव. पावसाचं पाणी डोंगरावरून तलावात उतरतं आणि त्या पाण्यात गावच्या बायका शिंगाडा लावतात. त्यावर त्यांची चूल चालते. त्या डोंगराचा खाणपट्टा कारखान्याला हवा होता. पैसा परदेशी कंपनी घालणार होती. दगड इथला, यंत्रं त्यांची, नफा त्यांचा. आमच्या वाट्याला धूळ.

हे मला माहीत होतं. मला काही माहीत नव्हतं असं म्हणून सुटायचं नाही. डोंगर जाणार हे ठाऊक होतं. डोंगर गेला की तलाव जाणार, हे कळायला शिकावं लागत नाही. मी मूग गिळून बसले होते. पगार चालू होता ना.

मग साहेब म्हणाले, "पाहुणे येणार आहेत. गावात मोठं हळदीकुंकू ठेवा. आपली संस्कृती दिसू दे." संक्रांत नाही, चैत्र नाही. तरी मी हो म्हटलं.

बुंदेलखंडात बायकांच्या बोलावण्याला बुलौआ म्हणतात. दारात जाऊन द्यायचा असतो. दिला की बाई घरातून निघतेच. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मी दारोदार फिरले. रामकली जिज्जीच्या दारातही गेले. वयाने मोठी, मला बिन्नू म्हणजे धाकटी बहीण म्हणणारी. तलावातला शिंगाडा तिच्याएवढा कोणी काढत नाही. ती म्हणाली, "बिन्नू, हम विधवा हैं, हमाओ का काम?" मी म्हटलं, "हम भी तो हैं. तुम आओ." ती आली. धुतलेली साडी नेसून आली.

साहेबांच्या बायकोने ओळीने सगळ्यांना कुंकू लावलं. जिज्जीपाशी आल्यावर हात थांबला, आणि ती पुढच्या बाईकडे वळली. मी खोक्यांआडून पाहिलं. तिथेच राहिले. जिज्जीने पदर कपाळावर ओढला. बताशे घेतले आणि बसून राहिली. तेवढ्यात फोटो निघाला.

घरी येऊन मी रडले. कोणासाठी? स्वतःसाठी. मला मागे सारलं म्हणून. जिज्जीची आठवण एकदाही झाली नाही, हेही आज लिहून ठेवते.

पुढच्या महिन्यात त्याच शाळेच्या पटांगणात जनसुनवाई, म्हणजे खाणीची जाहीर सुनावणी झाली. टेबलामागे सरकारी अधिकारी, शेजारी परदेशी पाहुणे, त्यांचा दुभाषा. पुरुष डोंगराबद्दल भांडत होते. साहेबांनी पडदा लावला आणि त्यावर तो फोटो आला. रांगेने बसलेल्या बायका, कपाळावर कुंकू, हातात बताशे. साहेब म्हणाले, "गाँव की महिलाओं ने प्रोजेक्ट का स्वागत किया है. उनकी सहमति यह रही." पाहुण्या बाईंनी समाधानाने मान हलवली. बायकांची संमती हवी, ही त्यांचीच अट होती, हे मला तेव्हा कळलं.

फोटोच्या कडेला जिज्जी होती. कपाळ कोरं. कुंकवाला ती चालली नाही. संमतीला चालली.

ती उठली. अधिकाऱ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बिन्नू, तुमने बुलौआ दओ तो, कै पहाड़ माँगो तो?"

बोलावणं दिलं होतं की डोंगर मागितला होता, एवढंच विचारलं तिने. साहेब हसत हसत माझ्याकडे आले, माईक हातात दिला. "वहिनी, तुम्हीच सांगा. बायका खूश होत्या ना?"

या वेळी मला पुढे बोलावलं होतं. विधवा चालत होती.

मी माईकवर हिंदीत बोलले. "बुलावा मैंने दिया था. पहाड़ की बात किसी से नहीं की. किसी ने हाँ नहीं कही. मैंने पूछा ही नहीं." दुभाष्याने ते पाहुण्यांना सांगितलं नाही. मी त्याला म्हटलं, "भैया, इनको भी बताओ." मग त्याने सांगितलं.

साहेबांनी माईक हिसकावला. मराठीतच म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"मोजते," मी म्हटलं. "त्यातले काही माझ्या हातांनी उभे केलेत."

नोकरी त्याच दिवशी गेली. खाणपट्ट्याचं अजून ठरलेलं नाही. फोटो फाइलीत आहे तो आहेच. माझं बोलणं त्या फाइलीत गेलं की नाही, कोणी सांगत नाही.

त्यानंतर मी जिज्जीच्या दारात गेले. तिने पाण्याचा लोटा दिला. म्हणाली, "पानी पी लो. बैठबे की हम न कैहें." मी उभ्यानेच प्यायले. तिचं बरोबर होतं. मला माफी मागायची होती, पण माफी मागायची म्हणजे तिच्याकडून पुन्हा काहीतरी मागायचंच. मागितली नाही.

आता मी त्याच दारांत पुन्हा फिरते आहे. काही घरं दार उघडत नाहीत. उघडतात त्यांना सांगते: मी तुम्हाला फसवून बोलावलं, तो फोटो खोटा आहे, पुढच्या सुनवाईला मी येणार आहे. तुम्ही या किंवा येऊ नका, बुलौआ देत नाही. त्या दिवशी मी पहिल्या ओळीत उभी राहीन, कोऱ्या कपाळाने. कोणी मागे सर म्हटलं तर सरणार नाही. काढा फोटो.