उलट्या बाजूची आखणी

टेलरबाईला कुणी कापड आणून दिलं आणि वर म्हटलं, "तुम्हाला बरं दिसेल तसं शिवा," की बाई फुलून जायची. पण अलीकडे असं म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. जो तो तयार कपडे घेतो, आणि तिच्याकडे येतं काय, तर लांब झालेली पँट. जन्मभर गळे कोरले, बाह्या चढवल्या, आणि शेवटी बाई येऊन बसली पँटीच्या दुमडीवर. जीभ मात्र तशीच धारदार. गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, कंबर जरा सैल करा," की ही चष्म्यावरून बघणार. "करते. पण पुढच्या वेळी सरळ तंबूचंच कापड आणा."

अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर चामड्याला हात घातला, आणि तोही पिस्तुलाच्या होल्स्टरसाठी. हौस वगैरे काही नव्हती हो. थोरल्या दिरापायी घातला.

दिरांना ती भाऊजी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांनी लग्न केलं नाही, किंवा त्यांच्याशी कुणी केलं नाही. विचाराल त्याप्रमाणे उत्तर मिळायचं. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं वर्कशॉप. तिथंच त्यांची खाट, तिथंच लाकडी ठोकळा, टोचायच्या आऱ्या, कापायची रांपी, मेणाचा गोळा, आणि दारातून आत पाऊल टाकताच नाकात शिरणारा तो चामड्याचा वास. बँकांच्या दारात जे गार्ड उभे असतात ना, त्यांच्या कमरेला पिस्तूल ज्या चामडी घरात बसलेलं असतं, ते घर भाऊजींच्या हातचं. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. आणि माणूस असा, की शेजारी फुगा फुटला तरी दचकायचा. खरं पिस्तूल त्यांनी कधी हातात धरलं नाही. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीनं मापाला दिलेलं एक लाकडी पिस्तूल होतं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं, त्याच्यावरच सगळा संसार.

मग एका सकाळी आरी उजव्या हातातून गळून पडली, ती पडलीच. अर्धांग. उजवा हात गेला, पाय ओढत राहिला, तोंड वाकडं झालं, पण बोलणं तेवढं वाचलं. शेजारीण म्हणाली, "नेमकं तेच वाचलं का?" कारण भाऊजींच्या शिव्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायच्या.

पण झालं भलतंच. इस्पितळातून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. बोलणं नाही, शिवी नाही. जेवण समोर ठेवलं तर चार घास, तेही भिंतीकडे बघत. शिव्या बंद झाल्या आणि घर घाबरलं.

अशात एजन्सीचा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, खाटेजवळ दोन मिनिटं उभा राहिला, पण आला होता लाकडी पिस्तूल परत न्यायला. म्हणाला, "आता सगळीकडे प्लॅस्टिकचं चालतं. आमचे मोठे साहेब जुन्या वळणाचे, त्यांना चामडंच लागतं, म्हणून इतकी वर्षं निभलं. ही शेवटची ऑर्डर भाऊजींकडून झाली असती तर पुढेही चालू ठेवली असती. पण आता..."

"होईल की," टेलरबाई म्हणाली.

"अगं, करणार कोण?" तिचा नवरा म्हणाला. हा बिचारा पाण्याच्या टाकीवर नोकरीला. घरात त्याचा आवाज टाकीतून आल्यासारखाच यायचा.

"आम्ही. डोकं त्यांचं, हात माझे."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, भिंतीकडूनच. "हात? ते हात आहेत होय? रुमाल आहेत रुमाल."

किती दिवसांनी बोलले होते! टेलरबाई साहेबांसाठी चहा टाकते म्हणून आत गेली आणि ओट्याला टेकून पदरानं डोळे पुसत बसली. चहा उतू गेला. त्याचीही शिवी बाहेरून आली, आणि तिला काय तो आनंद!

त्या दिवसापासून भाऊजी भिंतीकडून वळले. खुर्ची ठोकळ्याजवळ, डावा हात मांडीवर, आणि तोंड चालू.

"ए टेलर, चामडं आहे ते. परकर शिवतेयस का?"

बाईचे हाल हाल झाले. सुईनं भोक पडेना, आरीनं पडायचं, ते पण कुठल्या कुठे. दोन सुया, एकच दोरा, इकडची तिकडे, तिकडची इकडे, आणि दर टाक्याला दोन्ही हातांनी खेचायचं. बोटांना दोऱ्याचे वळ उठले. पहिल्याच दिवशी शिवण वाकडी गेली, तर तिनं सवयीनं कात्रीचं टोक घातलं उसवायला.

"आता भोकं बुजवणार कशानं?" भाऊजींनी विचारलं. "कापड इस्त्रीनं विसरतं. हे नाही विसरत. एकदा टोचलं की टोचलं."

मग ओलं करायचं प्रकरण. शिवलेलं होल्स्टर पाण्यात भिजवायचं, लाकडी पिस्तूल आत कोंबायचं आणि बोटांनी दाबत बसायचं, म्हणजे चामडं त्या आकाराला चिकटून बसतं. मग सावलीत, आपल्या गतीनं वाळू द्यायचं. टेलरबाईला कुठला एवढा धीर! तिनं ते उन्हात नेऊन ठेवलं. संध्याकाळी बघते तर चामडं तडकून पापडासारखं. भाऊजींनी डाव्या हातानं पाण्याचा पेला फेकून मारला. बाईला लागला नाही, कपाटाला लागला, पेल्याला अजून पोचा आहे.

"नेम चुकतोय हं, भाऊजी," ती म्हणाली.

"डावा आहे ना!" असं ओरडले, आणि मग पहिल्यांदा हसले. वाकडं तोंड आणखी वाकडं करून हसले.

तेव्हापासून बाईनं एक युक्ती धरली. भाऊजी सकाळी गप्प दिसले, की ती मुद्दाम काहीतरी चुकवायची. मेण न लावताच दोरा ओवायची, रांपी उलटी धरायची. शिवी आली, की हिला बरं वाटायचं. आज चहा घेतील, आज औषधाला नाही म्हणणार नाहीत. नवरा म्हणायचा, "तू शिव्या खायलाच बसतेस तिथं." ती म्हणायची, "त्यांचं टॉनिक आहे ते. तुम्ही तुमची टाकी बघा."

होल्स्टरची परीक्षा एकच. लाकडी पिस्तूल आत घालायचं, होल्स्टर उलटं धरायचं आणि झटकायचं. पडलं तर नापास. बाईचं पहिलं होल्स्टर झटकलं तेव्हा पिस्तूल थेट नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्यावर. तो लंगडत म्हणाला, "बंदुकीनं जखमी झालेला घरातला पहिला पुरुष मी." पुढे पुढे मात्र पिस्तूल पडेनासं झालं. टाके सरळ आले. भाऊजी चांगलं म्हणायचे नाहीत, फक्त पुढचा तुकडा तिच्याकडे सरकवायचे.

एक काम मात्र ते तिला करू द्यायचे नाहीत. आखणी. पुठ्ठ्याचा नमुना चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवायचे स्वतः, डाव्या हातानं, थरथरत, आणि रेघ मारेपर्यंत बाईनं नमुना दाबून धरायचा. "आखणी माझी," म्हणायचे. "तेवढी राहू दे मला." त्यांना तेवढं राहू द्यायचं, म्हणून तिनंही कधी विचारलं नाही, की असंच का ठेवता.

सराव संपला. आता ऑर्डरचं चांगलं, जाड चामडं उरलं होतं, एकच. आणि नेमका भाऊजींना ताप भरला. नवऱ्यानं त्यांना इस्पितळात नेलं, तिथं डॉक्टरांनी ठेवून घेतलं. जाताना भाऊजी गाडीतून म्हणाले, "माझ्याशिवाय हात लावू नकोस." पण साहेबांचा दिवस जवळ आला होता, आणि बाईच्या डोक्यात एकच चित्र: भाऊजी दारातून येतील आणि ठोकळ्यावर सगळी ऑर्डर तयार, ओळीनं मांडलेली. मग कशाला बघतील ते भिंतीकडे?

तिनं चामडं पसरलं. पसरलं ते जन्मभर कापड पसरलं तसं, उलटी बाजू वर. टेलर कधी सुलट्या बाजूला खडू लावत नाही, डाग राहतो. चामड्याची खरखरीत बाजू वर, गुळगुळीत खाली, आणि नमुना ठेवून तिनं सुरेख रेघा मारल्या. भाऊजींचा हात थरथरायचा, तिचा नाही. रांपी चालवली. भोकं पाडली, शिवलं, पट्ट्याची पट्टी बसवली, भिजवलं, एकेक करून लाकडी पिस्तुलावर दाबलं, आणि सावलीत, अगदी धीरानं वाळवलं. भिंतीवर भाऊजींचं एक जुनं होल्स्टर लटकत होतं. टाके जुळतात का, हे तिनं त्याच्याशी दहादा ताडून पाहिलं. बाकी कुठं बघायचं तिला सुचलं नाही.

भाऊजी आले ते नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. दारातच थांबले. टेलरबाई ठोकळ्याशेजारी नव्या नवरीसारखी उभी.

त्यांनी एकदाच ओळीवर नजर फिरवली. ती वाट बघत होती, आता म्हणतील, टेलर, हे काय केलंस, असं काहीतरी, प्रेमाची शिवी.

"आखणी कुठल्या बाजूनं केलीस?" त्यांनी हळू विचारलं.

"उलट्या. म्हणजे... आतल्या. का?"

"कापड तू घडी घालून कापतेस. एका कापात डावी बाही, उजवी बाही, दोन्ही निघतात. म्हणून तुला फरक पडत नाही." ते खुर्चीत बसले. "हे एकेरी असतं. आतून आखलं, की उलटं होतं. ही सगळी डाव्या कमरेची आहेत."

तिनं एक उचललं, फिरवलं, परत फिरवलं. "मग... उलटून घेऊ?"

"सदरा आहे का तो?"

एवढंच. आवाज चढला नाही. बाईला ओरडलेलं परवडलं असतं.

नवऱ्याला शांतता सोसत नाही. तो म्हणाला, "दादा, तुला मात्र बरोबर बसेल बघ. तुझा डावाच तर चालतो." आणि म्हणून झाल्यावर स्वतःच खाली बघत राहिला. कारण ते खरं होतं. सगळ्या शहरात त्या होल्स्टरना एकच कंबर होती, आणि तिला पिस्तूल नव्हतं.

दुपारी साहेब आला. पहिलंच उचलून म्हणाला, "वा, काम सफाईचं आहे." मग पट्ट्यात अडकवून बघितलं आणि हात मागे, पुढे चाचपत राहिला. उमगलं तेव्हा हसला नाही, त्याचं त्याला श्रेय द्यायला हवं.

"बाई, माझ्याकडे डावखुरा गार्ड एकही नाही हो."

"दुसरं चामडं आणून करते. दोन आठवडे द्या."

"माझ्या हातात असतं तर दिले असते. मोठ्या साहेबांनी आजचा दिवस दिला होता. प्लॅस्टिकचे खोके गोदामात येऊन पडलेत." त्यानं ठोकळ्यावरचं लाकडी पिस्तूल उचललं, रुमालात गुंडाळलं आणि भाऊजींना म्हणाला, "येतो." भाऊजींनी डावा हात वर केला. उजव्याच्या जागी डावा, जरा उशिरानं.

तो गेल्यावर ठोकळा कसा ओकाबोका दिसायला लागला. होल्स्टरं होती, पण आत घालायला काही नाही.

भाऊजींनी हात पुढे केला. "तुझी कात्री दे."

तिनं दिली. त्यांनी त्यातलं एक होल्स्टर घेतलं, कात्री आत खुपसली, दाबली, उलटं धरलं आणि डाव्या हातानं जोरात झटकलं. कात्री जागची हलली नाही. पुन्हा झटकलं.

"पकड चांगली आहे," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा चांगलं म्हणाले होते. टेलरबाईला वाटलं, त्यांनी पेला मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली तर भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपलेले. झोपलेले म्हणजे जागे. पाठ बघून कळतं.

"भाऊजी, चहा."

काही नाही. तिनं चहा स्टुलावर ठेवला. मग खालची टोपली ओढून चामड्याचा एक उरलेला तुकडा काढला, ठोकळ्यापाशी बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "दोऱ्याला मेण नकोच म्हणते मी. उगाच चिकट होतं."

पाठ हलली नाही.

"आरी बोथट झालीय. खिळा घेतला तर? भोक काय, भोकच."

बाहेर कुणीतरी शटर वर केलं, सायकलची घंटी वाजली. शेजारीण दारातून डोकावली, "भाऊजी गप्पसे आज?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

टेलरबाईनं तुकडा पाण्यात बुडवला. तो हातात घेऊन उठली, पाणी ठिपकत होतं. "भाऊजी, भिजवलंय हं. आता हे उन्हात टाकते. चांगलं कडक वाळेल."

ती थांबली. स्टुलावर पाण्याचा पेला होता, पोचा आलेला, त्यांच्या डाव्या हातापासून जरासा लांब. तिनं तो उचलला आणि सरकवत सरकवत अगदी बोटांशी नेऊन ठेवला.

"उन्हात टाकते हं, भाऊजी," ती परत म्हणाली.