दुधातलं जनुक

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी संशोधनासाठी मी दगडी झालेल्या म्हशींचं दूध गोळा करत होते. दगडी म्हणजे कासेची सूज. सड घट्ट होतो, दुधात गुठळ्या येतात. औषधाला दाद न देणारे जिवाणू त्यात असतात का, ते मला बघायचं होतं.

कोडोलीतल्या एका मावशींची म्हैस अशीच आजारी होती. इंजेक्शनं चालू होती, पण सूज उतरत नव्हती. मावशी गरम पाण्यात फडकं बुडवून कास शेकत बसायच्या. मी बाटलीत दूध घेताना त्यांनी विचारलं, "बाई, औषध का लागू पडत न्हाई ते दुधात कळतंय व्हय?"

"बघू या," मी म्हटलं.

दुधातले जिवाणू प्लेटवर वाढवले, त्यांचा डीएनए वेगळा केला आणि पीसीआर मशीनमध्ये ठेवला. पेनिसिलिनच्या जातीची औषधं ज्या जनुकामुळे निकामी ठरतात, त्याचा तुकडा असेल तर मशीन त्याच्या भरमसाट प्रती काढतं. नसेल तर काहीच निघत नाही. मावशींच्या म्हशीच्या दुधात ते निघालं. त्या प्रती जेलच्या पातळ थरात सोडल्या, तर अतिनील प्रकाशात नारिंगी पट्टी अगदी ठळक दिसली. म्हशीला नेमकं त्याच जातीचं औषध चाललं होतं. मी तिच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी औषध बदललं. तीन सड मोकळे झाले. चौथा मात्र आटला.

पुढे मी धार काढणाऱ्यांच्या हातांचेही नमुने घेतले. मावशींच्या हातांना खोल भेगा होत्या. त्यातही तेच जनुक सापडलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गोठ्यात जाऊन सांगितलं.

मावशींनी दोन्ही तळवे समोर धरले. "म्हंजे माज्याच हातानं झालं म्हणा की."

"तसं नाही. जनुक आहे, एवढंच यातून कळतं. तुमच्याकडून तिला गेलं की तिच्याकडून तुम्हाला आलं, ते ही तपासणी सांगत नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतासा तुमी."

त्या दिवसापासून त्यांनी धार काढणं सोडलं. आठवड्याभरात सुनेचा फोन आला. "आत्याबाई गोठ्यातच जाईनात. आन् म्हस मला पान्हा सोडंना."

मी डॉक्टरांना घेऊन कोडोलीला गेले. मावशी घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत होत्या. डॉक्टर त्यांच्या शेजारीच बसले. "मावशी, भेगांना मलम लावा. त्या भरेपर्यंत सूनबाईंना धार काढू द्या, तुम्ही नुसतं म्हशीजवळ उभं राहा. नंतर साबणानं हात धुऊन, कोरडे करून खुशाल बसा धारेला. अहो, मी रोज किती गोठ्यांत हात घालतो. माझ्याकडंही असंल ते."

"मग तुमचं का न्हाई तपासलं?" मावशींनी सरळ विचारलं.

डॉक्टर हसले आणि माझ्यापुढे हात केले. "घ्या नमुना."

मावशींच्या देखत मी डॉक्टरांच्या हातांवरून आणि, असे जिवाणू नाकातही राहतात म्हणून, नाकातून कापसाची काडी फिरवली. प्रयोगशाळेत तीच सगळी कामं पुन्हा केली. नाकातल्या नमुन्यात पट्टी उमटली. डॉक्टरांना कळवलं, तर ते म्हणाले, "मावशींना आधी सांगा."

मी फोन केला. डॉक्टरांच्या नाकातही तेच जनुक निघालं, असं सांगितलं. मग मावशी म्हणाल्या, "आगं बाई, त्यास्नीबी? त्यास्नी काय तरास होत न्हाई न्हवं?"

"नाही, तब्येत उत्तम आहे त्यांची."

"कोण काळजी घ्यायला हाय का न्हाई त्यांची? दिसभर उन्हातान्हात हिंडत असतोय बिचारा."

पुढच्या वेळी गेले, तेव्हा मावशींच्या भेगा भरल्या होत्या. सून चरवी धरून उभी होती आणि मावशी म्हशीच्या कासेला पाणी मारत होत्या. म्हैस रवंथ करत होती. मला बघून मावशी म्हणाल्या, "बसा बाई, एवढी धार काढून येतो."