चावी चौथ्या मजल्यावर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक वयस्कर वॉचमन होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याचीही आता चीड येते. खुर्चीवरून उठताना त्याचा एक हात गेटवर आणि दुसरा ओटीपोटावर असायचा. पाण्याची बाटली संध्याकाळपर्यंत भरलेलीच. खाली संडास होता, पण त्याला कुलूप आणि चावी चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींकडे. हा दर तासाला मागतो म्हणून त्यांनी चावी देणंच बंद केलं.

एकदा मी विचारलं तर म्हणाला, "प्रोस्टेट वाढलंय, साहेब. डॉक्टर सांगतात, लघवी दाबून ठेवू नका. सेक्रेटरी सांगतात, दाबून ठेवा. मी कोणाचं ऐकू?"

शेवटी तो मागच्या भिंतीशी जायला लागला. मग मीटिंगमध्ये ठराव झाला, भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायच्या. चावीचा विषय कोणी काढला नाही. टाइल्स लागल्या त्या दिवशी तो घाईने मागे गेला, देव बघून थबकला, चपला काढून हात जोडले आणि ओल्या पॅंटने खुर्चीत येऊन बसला.

त्या ठरावाला मीही हात वर केला होता. परवा माझ्या सोनोग्राफीत तोच आजार निघाला. माझ्या घरात दोन संडास आहेत. एकालाही कुलूप नाही.