आधी चित्र, मग आवाज

नागनाथमामा गेल्याचा फोन आला तेव्हा समोर बातम्या चालू होत्या. माझा हात आपसूक रिमोटकडे गेला आणि मी आवाज बंद केला... ही सवय त्यानंच लावलेली. तो जाऊन आता पाच आठवडे झाले.

मामाचं देगलूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सेट दुरुस्त झाला की आधी आवाज बंद करून चित्र तपासायचं, मग पडद्यावर फडकं टाकून नुसता आवाज ऐकायचा, ही त्याची आयुष्यभराची पद्धत. त्यासाठी तो बातम्याच लावायचा. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी याचं आपलं चालूच. एखादा निवेदक ओरडायला लागला की म्हणायचा, "सेट बराबर हाय, बिघाड मानसात हाय." मी नांदेडला एका वाहिनीची बातमीदार झाले तेव्हा त्यानं गल्लीभर पेढे वाटले आणि मला बजावलं, "आता तुझ्या बातमीवर बी फडकं पडनार, माय."

पडलंच. धर्माबादच्या मिरची बाजारात देठं खुडणाऱ्या बायका सावलीसाठी छप्पर मागत धरणं धरून बसल्या होत्या. मी व्यापाऱ्याच्या गच्चीवरून चित्रण केलं, खरं सांगते, ऊन चुकवायला. 'आक्रमक महिलांचा गोंधळ' असं लिहून पाठवलं. हात उगारलेली एक बाई दिवसभर पडद्यावर फिरत राहिली. मी खुशीत मामाकडे गेले, तर त्यानं आवाज बंद केला.

"ही काय करून राहिली?"

"घोषणा देतेय."

"तोंड तर बंद हाय तिचं."

मी मोबाइलमधलं मूळ चित्रण काढलं. समोरून दुसरी बाई पाण्याची घागर घेऊन येत होती आणि ही तिला हात करून बोलावत होती. तेवढा भाग मीच कापला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊन ये तिच्याकडं," मामा एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेले. हात उगारलेली ती बाई म्हणजे गंगाबाई; तिला आडत्यानं भांडखोर म्हणून कामावरून काढलं होतं. ती म्हणाली, "टीव्हीवर बगून माझंच मला भ्या वाटलं, बाई." आडत्याला पूर्ण चित्रण दाखवलं, तेव्हा कुरकुरत का होईना, त्यानं तिला परत घेतलं. वाहिनीनं दुरुस्ती दाखवली ती जेमतेम दहा सेकंद. मी चिडले, मामा मात्र मिशीत हसला. "दहा तर दहा. घागर तर दिसली का न्हाई?"

मामीनं त्याचा रिमोट मला दिलाय. आवाज बंद करायच्या बटणावरची खूण पार पुसून गेलीय. माझ्या टीव्हीला तो चालत नाही, पण टेबलावर असतो. परवा एका बातमीत 'संतप्त जमाव' लिहिलं आणि सहज ते बटण दाबलं. मग चित्र पुन्हा पाहिलं.

माणसं रांगेत उभी होती.